मुंगळ्यांचं शूटिंग

माझ्या तोंडावर मुंगळे फिरले ते माझ्या संमतीनं.

धाकटी बहीण वैशू तेव्हा चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. सुट्टीत गावी, उंद्रीला आली ती कॅमेरा घेऊनच. तिला किड्यांवर ‘व्हिडिओ आर्ट’ करायची होती. ती कॉलेजात दिली नाही तर वर्ष वाया, आणि वर्ष वाया गेलं तर शिक्षण बंद, असं बाबांनी आधीच जाहीर केलेलं!

“चित्रं काढाले पाठवलं व्हतं तुले,” बाबा म्हणायचे, “अन् तू मुंगळ्याईच्या मांगं फिरून राह्यली!”

सोयाबीनवरचे नाकतोडे झाले, शेणाची गोळी ढकलणारे किडे झाले. शेवटी तिला माणसाच्या कातडीवरून चालणारे मुंगळे हवे होते. सगळ्या गल्लीनं नकार दिला. मग ती माझ्याकडे वळली.

“दादा, लहानपनी आपन अंगनात पालथे पडून मुंगळे पाहत व्हतो, आठवते ना?”

आठवत होतं. तिथंच फसलो.

दुपारी मला निंबाखाली उताणं झोपवून वैशूनं ब्रशनं कपाळापासून हनुवटीपर्यंत गुळाचं पाणी लावलं. (इतक्या वर्षांच्या चित्रकलेत तिनं मला रंगवलं ते एवढंच!)

“हालू नको. बोलू नको. श्वासबी हळूच घे.”

मुंगळे आले. एक भुवईवर थबकला, एक मिशीत शिरला, तिसरा नाकपुडीच्या दारात उभा राहून आत डोकावू लागला. तेवढ्यात आई बाहेर आली. अंगणात आडवा पोरगा, तोंडावर मुंगळे!

“अव्वो माय! काय झालं माह्या लेकराले!”

“आई, वरडू नको, रेकॉर्डिंग चालू हाय!”

“तुह्या रेकॉर्डिंगले आग लागो!”

शेजारचे रशीद चाचा शिलाईचं काम टाकून, गळ्यात टेप तसाच ठेवून, भिंतीवरून उडी मारून आले. “फिट आली काय? जूता सुंघाव!” कुणीतरी खरंच चप्पल माझ्या नाकाशी धरली. मिशीतला मुंगळा ओठावर उतरला होता, त्यामुळे मला ‘बरा आहे’ एवढंही सांगता येईना!

बाबा शेतातून आले, गर्दी पाहिली आणि थेट पाण्याची बादली उचलली. त्याच क्षणी नाकातल्या मुंगळ्यानं कडकडून चावा घेतला. मी “मेलो!” म्हणत उठून पळालो आणि अख्खी बादली रशीद चाचांच्या अंगावर गेली.

हसून हसून गल्ली लोळली. वैशू मात्र कॅमेरा पोटाशी धरून पायरीवर बसली होती.

“गेलं सारं,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

बाबांनी रिकामी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, “काऊन रडतं वं? पुन्हा कर. कोन आवाज करते तेच पाह्यतो मी.”

“पन माह्यं नाक!” मी म्हणालो. ते भरताच्या वांग्याएवढं झालं होतं.

वैशूनं डोळे पुसत निरखून पाहिलं. “हे तं अजून चांगलं दिसून राह्यलं!”

पुन्हा आडवा झालो. बाबा फाटकाशी काठी घेऊन उभे राहिले. चाचांनी ओल्या अंगानं स्वतःचं तोंड दाबून शिंक अडवली. त्या शांततेत मुंगळे असे रांगेनं चालले, की मलाच डोळे उघडून पाहावंसं वाटलं.

कॉलेजच्या प्रदर्शनात आम्ही सगळे गेलो. भिंतभर पडद्यावर माझं कपाळ, आणि त्यावरून गुळाचा कण ओढत निघालेला एक मुंगळा. आईनं पदर डोळ्यांना लावला. बाबा शेजारच्या अनोळखी माणसाला हळूच म्हणाले, “पोरगी आमची हाय.”

वैशू आता दूर बंगळूरला असते, फोनवरच भेटते. निंबाखाली मुंगळ्यांची रांग दिसली की मी अजून थांबतो. कुणी नसेल तर पालथाही पडतो.

प्रदर्शनाच्या दिवशी शेवटी पडद्यावर नावं आली तेव्हा मी कॉलर नीट करून ताठ बसलो होतो. ‘कलाकार: उंद्रीचे मुंगळे.’ बरं. ‘शांतता: बाबा.’ वा! आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात मी होतो:

‘स्थळ: दादा.’