सहा वर्षं मेणात जपलेला बाबांचा तुकडा

घरच्या कॅन्सर पेशंटसाठी सेकंड ओपिनियन घेत फिरत असाल, तर हे वाचा.

बाबांचा फुफ्फुसाचा कॅन्सर चौथ्या स्टेजला आहे. अंधेरीच्या नव्या डॉक्टरांकडे मी सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून नेले. ते म्हणाले, "ब्लॉक कुठेय?" ब्लॉक म्हणजे पहिल्या ऑपरेशनमधला, मेणात जपलेला गाठीचा तुकडा. त्यावर जनुकीय तपासणी केली, तर कदाचित गोळ्यांचा मार्ग निघेल. पुन्हा बायोप्सी बाबांना झेपणार नाही.

ऑपरेशनला सहा वर्षं झाली. ब्लॉक फेकला असणार, हे मी गृहीत धरलं होतं. तरी आज, तेव्हा गाठ जिथे तपासली होती, त्या घाटकोपरच्या जुन्या लॅबमध्ये गेले.

तिथल्या काकूंनी नाव विचारलंच नाही. "नंबर सांग गं." मी रिपोर्टवरचा नंबर वाचला. चार मिनिटांत त्यांनी ब्लॉक माझ्या हातावर ठेवला. प्लास्टिकच्या चौकटीत मेण, मधे नखाएवढा करडा ठिपका.

"इतकी वर्षं ठेवता?"

"मग? पेशंट गेला तरी ठेवतो. मुलं येतात ना, आपल्याला धोका आहे का विचारायला."

डेटा सांभाळणं हे माझं काम आहे. तरी इतका पुढचा विचार मी कधी केला नव्हता.

रिक्षातून बाबांना फोन केला. म्हणाले, "म्हणजे माझ्यापेक्षा तोच बरा टिकलाय की!"

तपासणीत काही निघेलच असं नाही. पण विचारण्याची सोय कुणीतरी सहा वर्षं जपून ठेवली होती. तुमच्या माणसाचा ब्लॉक कुठे आहे, माहीत आहे?