उघड्या छताची गाडी

वणीतल्या एका कोळसा वाहतूकदाराला आपली जुनी, उघड्या छताची विदेशी गाडी विकायची होती. मी पाहायला गेलो, तर साठीच्या एक बाई आधीच ती तपासत होत्या. मॅट उचलून त्यांनी खाली ओल आहे का ते पाहिलं, छताच्या कापडाच्या शिवणीवरून बोटं फिरवली.

सोबत आलेले दीर अवघडले होते. "वहिनी, भाऊ जाऊन वर्षही नाही झालं. लोकं काय म्हणतीन?"

"लोकायले दिसलं पाह्यजे म्हणूनच तं उघडी गाडी पाहून राह्यली मी," त्या शांतपणे म्हणाल्या.

मालकाने चावी दिरांपुढे धरली. बाईंनी हात पुढे केला आणि चावी मिळेपर्यंत तो मागे घेतला नाही.

छत उघडून त्या एकट्याच चंद्रपूर रस्त्याला लागल्या. गाडी मलाही हवी होती; पण त्यांच्याइतकी नाही, हे फाटकाशी थांबलो असताना मला कळलं.

परतल्या तेव्हा अंबाडा सुटला होता, कपाळावर कोळशाची धूळ होती. दिरांनी रुमाल दिला, तो त्यांनी घेतला नाही.

"ब्रेक दाबला का डावीकडं ओढते, तेवढं नीट करून द्या," त्या मालकाला म्हणाल्या. "गाडी मी घेतली."

केस न बांधता त्या स्टिअरिंगमागेच बसून राहिल्या.