मगदूम सरांचा ऑफ-सीझन

मगदूम सर दारात उभे होते आणि त्यांची सायकल माझ्यासमोर वर्तमानपत्रावर सुटी पडली होती. चाकं हुकाला, बेअरिंगचे छर्रे रॉकेलच्या वाटीत, चेन वेगळी. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "झाली न्हवं?" मी मान वर न करता सांगितलं, सामान बेळगावहून यायचंय. सामान कसलंच यायचं नव्हतं.

हे खोटं आमच्या मालकांचं, अण्णांचं. राजारामपुरीत त्यांचं सायकलचं दुकान. गियरच्या सायकली खोलणारे तेव्हा शहरात मोजकेच. लांब पल्ल्याच्या शर्यती थंडीत होतात. त्या संपल्या की शरीराला काही आठवडे सुट्टी द्यायची आणि मग हळूहळू पुन्हा सुरू करायचं. त्याला ऑफ-सीझन म्हणतात. मोठ्या खेळाडूला थांबवायला कोच असतो. आमची गिऱ्हाइकं हौशी. कॉलेजात शिकवणारी, गुळाचा व्यापार करणारी, पहाटे पन्हाळा चढून दहाला कामावर जाणारी. चार दिवस बसलो तर कमावलेला दम जाईल, ही त्यांची धास्ती. म्हणून अण्णांची एक पद्धत होती. पावसाळ्यात सायकल ओव्हरऑइलिंगला यायची, म्हणजे सगळी खोलून, धुऊन, नवं ग्रीस भरायला. ज्याचं अंग दुखतंय त्याची सायकल दुखणं थांबेपर्यंत जोडायचीच नाही.

सरांचा उजवा गुडघा सुजला होता. आत्ता विश्रांती घेतली नाही तर पुढं चढ विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

माझी अडचण वेगळी होती. मी वाशिमकडचा, आठवीत शाळा सुटलेला. इथं सगळे मला 'पावणं' म्हणायचे आणि मला वाटायचं, पाहुणा म्हणजे कधीतरी परत जाणारा. कोणी खोली देत नव्हतं, तेव्हा सरांनी घरमालकाकडं माझ्यासाठी शब्द टाकला. अण्णांकडं कामाला आणलं तेही त्यांनीच. आणि त्यांच्याच तोंडावर मी पुन्हा पुन्हा खोटं बोलत होतो.

एक दिवस अण्णा नृसिंहवाडीला गेले होते. सर नेमके तेव्हाच आले.

"आज जोड. न्हायतर पोत्यात भरून दे, दुसरीकडं जोडून घेतो."

"सर, गुडघा..."

"गुडघा माझा हाय. घरात बसून डोकं फिराय लागलंय. काल वर्गात टेबलाखाली पायडल मारत होतो. पोरं हसली."

दुसरीकडं कोणीही तासाभरात जोडून दिली असती आणि सर तिथूनच पन्हाळ्याला सुटले असते. मी खरं सांगून टाकलं. बेळगावहून काही येणार नाही, अण्णांनीच थांबवलंय. सरांनी वाटीतले छर्रे बोटानं हलवले. मग म्हणाले, "म्हंजे तू बी त्यातलाच." मला ते फार लागलं. मी घाईघाईनं म्हणालो, जोडून देतो, पण पुढची दोन मोठी चेनव्हील काढून ठेवतो.

चेनव्हील म्हणजे पायडलजवळची दातेरी चकती. सरांच्या सायकलला तीन होत्या. मोठीवर वेग मिळतो, पण गुडघ्यावर जोर येतो. सगळ्यात बारकीवर जोर लागत नाही. पाय भराभर फिरतात, सायकल मात्र फारशी पुढं सरकत नाही. सरांना तेवढंही चाललं.

संध्याकाळी अण्णा आले आणि मोकळा हुक बघून भडकले. विश्रांती म्हणजे विश्रांती, तुला डोकं चालवायला कुणी सांगितलं, असं बरंच झालं. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "त्याचा गुडघा गेला, तर तू गावाकडची गाडी धरायची." हेही ते ओरडून बोलले असते तर बरं वाटलं असतं. रात्री मी कपडे पिशवीत भरले, पुन्हा काढले.

रोज सकाळी मी कोपऱ्यावर जाऊन उभा राहायचो. सर दिसायचे. पाय भिंगरीसारखे, सायकल बैलगाडीसारखी. ते लंगडतायत का, एवढंच मी बघायचो.

मग एके दिवशी सर सायकल हातात धरून चालत दुकानात आले. मी आधी गुडघा बघितला. अण्णाही उठले.

"गुडघ्याला काय झालं न्हाय," सर म्हणाले. "दूधवाल्यानं ओव्हरटेक केलं."

अण्णा म्हणाले, करू दे की, त्याला उशीर झाला असेल.

"सायकलला किटल्या भरलेल्या होत्या, अण्णा. आणि गेला असता तर गेला असता. मुद्दाम हळू होऊन माझ्या बरोबरीनं आला आणि विचारतोय, सर, हवा भरू का, पंप हाय माझ्याकडं."

अण्णा तोंड फिरवून स्पॅनर शोधायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. सरांनी सायकल माझ्याकडं ढकलली. "खोलून ठेव. डॉक्टर म्हणतील तवा जोड. तवर विचाराय येत न्हाय."

ते गेल्यावर अण्णांनी मला चहा सांगायला पाठवलं. गाडीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. सर पावसाळाभर सायकलशिवाय राहिले. थंडीत तिन्ही चेनव्हील लावून पन्हाळा चढले, गुडघा टिकला.

आता माझं स्वतःचं दुकान आहे. दुखणं घेऊन आलेल्या हौशी गिऱ्हाइकाला मी थांबा म्हणत नाही. खुशाल जा, फक्त हळू जा, एवढंच म्हणतो. हळू जाणं त्यांना सोसत नाही. आठवड्याभरात सायकल आपणच आणून ठेवतात.