राजेगावचा फोन

आमच्या घरी एक रीत आहे. गोंदियाकडून कोणी येत असलं, की बस घरापासून अर्ध्या तासावरच्या राजेगावच्या पुलावर आली की घरी फोन करायचा. फोन आला की आई भात मांडायची. माणूस दारात चप्पल काढायचा तेव्हा भात तयार असायचा.

तिची मूत्रपिंडं निकामी झाली आणि दवाखान्याने तिला घरी पाठवलं, तेव्हा तिला एकच गोष्ट हवी होती, दादाचं तोंड पाहायचं होतं. दादा शारजात बांधकामावर लोखंड बांधतो. आईने मला विचारलं, "विमानाले किती वेळ लागते?"

मी मोबाइलवर पाहिलं. शारजा ते नागपूर, जेमतेम साडेतीन तास.

"एवढाच?" ती हसली. "आपल्या नागपूरच्या बसलेच याहून जास्त लागते. तांदूळ निवडून ठेव."

दादाचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. चावी ज्या साहेबाकडे होती तो रोज उद्याचं सांगे. दोन शहरांमधलं अंतर वेबसाइटवर किलोमीटरमध्ये दिलेलं असतं. मजुराचा पासपोर्ट कोणी कुलपात ठेवलाय, त्याचा रकाना तिथे नसतो.

बाबा वॉर्डातल्या विहाराबाहेर पत्रकं वाटायचे. मी त्यांच्या मथळ्यांवरच अक्षरं गिरवली. अन्यायाला पत्ता असतो, तिथे निवेदन घेऊन धडकायचं, हे मला भूक लागण्याइतकं सहज कळायचं. मी दूतावासाला लिहिलं, कलेक्टर कचेरीत गेले, गुलामगिरी हा शब्द न घाबरता वापरला. सगळीकडून पोच मिळाली. पण चावी साहेबाकडेच राहिली.

आई दर सकाळी विचारायची, "निघाला का?" एका सकाळी तिला डोळे उघडायलाही त्रास होत होता. ज्यांनी जन्मात एका पत्रकात खोटी ओळ छापू दिली नाही, ते बाबा तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "हौ. विमानात बसला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत राहिले.

दिवसभर आई मनातल्या मनात त्याच्यासोबत प्रवास करत होती. नागपूर आलं असन, म्हणाली. मग गोंदिया. संध्याकाळी तिने मला हाक मारली. "बाई, भात मांड. राजेगाव आलं असन. त्याच्या फोनात बॅलन्स नसन."

मी भात मांडला. तो शिजला, निवला, वरून कडक झाला. ती दाराकडे मान करून पडून होती. पहाटे तिचा श्वास थांबला.

दादाला पासपोर्ट मिळाला तोवर आम्ही अस्थी घेऊन आलो होतो.

तो आला त्या दुपारी घरात नातेवाईक बसले होते. आईचा मोबाइल खिडकीत चार्जिंगला लावलेला होता, कोणी काढलाच नव्हता. तो वाजला. बाबांनी उचलला.

"राजेगाव आलं," दादा म्हणाला. सवयीने त्याने आईचाच नंबर लावला होता.

"हौ," बाबा म्हणाले.

त्यांनी फोन खाली ठेवला आणि चुलीकडे पाहिलं. मीही पाहिलं. उठलं कोणीच नाही.