सूनबाईचा ओव्हन मी दुरुस्त केला

मी चौथीपर्यंत शिकलो, पण वायर मला कळते. धानाच्या बांधीवरची मोटर मी आजवर कोणा मिस्त्रीच्या हाती दिली नाही. म्हणून सूनबाईचा ओव्हन तापेना तेव्हा घरात मिस्त्री बोलवायची भाषा निघाली, याचाच मला राग आला.

दिवस साधा नव्हता. आमच्या सावली गावातल्याच एका घरी संध्याकाळी साक्षगंध होतं आणि पाहुण्यांसाठी नानकटाई आमच्या सुनेकडे सांगितली होती. तिची ही पहिली मोठी ऑर्डर. जमली तर लग्नाचीही मिळणार, हुकली तर बोलायला लोक मोकळेच. गोळे वळून ताटांत मांडून झाले होते. आणि ओव्हनचा बल्ब लख्ख, घड्याळ टिकटिक करतंय, पण सळया थंडगार.

"व्होल्टेज नाई," मी निकाल दिला. आमच्याकडे काहीही बिघडलं की आधी हाच निकाल देतात. त्यात घरातल्या कोणाचा दोष निघत नाही.

"बाबा, व्होल्टेज नाई तर बल्ब असा कसा जळते? वरचा पंखाही जोरात फिरून राह्यला."

बारावी शिकलेल्या माणसाशी वाद घालू नये. मी स्टॅबिलायझर आणून जोडला. तो गुणगुणला, ओव्हन गारच. दुसऱ्या खोलीतल्या बोर्डातून वायर ओढली, टेस्टर लावला, तो पेटला. म्हणजे आमच्या नळयोजनेसारखं झालं, पाइप दारापर्यंत आणि पुढे काही नाही.

मग प्लग काढला, ओव्हन ओसरीत नेला आणि बाजूचा पत्रा खोलायला घेतला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी तोवर कोणाला सांगितली नव्हती. त्याआधी आठवडाभर सून राजुऱ्याला माहेरी होती. मी मोहफुलं वेचून आणली. अंगणात वाळत घातली तर शेजारच्या बकऱ्या, घरात ठेवली तर उंदीर. हा ओव्हनचा डबा मात्र काचेच्या दाराचा, घट्ट. अर्धवट वाळलेली फुलं मी त्यातच भरली. सून यायच्या आदल्या दिवशी काढली आणि आतून दुपट्ट्यानं पुसूनही घेतलं.

पत्र्याच्या आत मोहाच्या गोडीनं आलेल्या मुंग्या होत्या. गरमी कमी-जास्त करायच्या खटक्यामागे पितळेची दोन टोकं एकमेकांना टेकतात, तेव्हा सळयांना वीज जाते. त्या टोकांमध्ये मुंग्या चिरडून काळा थर बसला होता. मी पत्रा परत लावला आणि म्हणालो, "व्होल्टेजच."

सून खाली वाकली, अन् थांबली.

"बाबा, मोहाचा वास येऊन राह्यला. तुमी सकाळीच घेतली का?"

आमच्या भागात मोहाच्या वासाचा एकच अर्थ लावतात. मी जन्मात थेंब घेतला नाही, दारूबंदीच्या सभेत पुढच्या रांगेत बसणारा माणूस. बेवड्या सासऱ्यापेक्षा ओव्हनात मोह भरणारा सासरा बरा, असं वाटलं आणि सगळं सांगून टाकलं.

तिनं दोन ताटं माझ्या हातावर ठेवली, दोन स्वतः घेतली. "चला भट्टीवर."

बेकरीवाल्या चाचाच्या भट्टीत घरोघरची नानकटाई भाजून मिळते. दिवाळीत मीच त्याला म्हणालो होतो, "आता आमच्या घरी बिजलीची भट्टी आली, तुमची विझवून टाका." मला पाहून तो हसू दाबत उठला.

"आओ भाऊ. बिजली गेली का?"

"आहे."

"मग?"

"खटका बिघडला, चाचा," सून म्हणाली. "आता येळेवर मिस्त्री कुठी भेटते?"

मी तिच्या बाजूलाच उभा होतो. गुमान ताटं पुढे केली.

नानकटाई वेळेवर पोचली. चार दिवसांनी लग्नाचीही ऑर्डर आली, पण निरोप असा की तशीच पाहिजे, लाकडाच्या वासाची, मशिनीतली नको.

ती पितळी टोकं मी दुसऱ्याच दिवशी पॉलिश कागदानं घासली. ओव्हन आता असा तापतो की जवळ उभं राहवत नाही. आल्यागेल्याला मी चालू करून दाखवतो. लोक चहा पिता पिता मान हलवतात. तेवढ्यात सून दारातून हाक मारते, "बाबा, ताटं उचला, भट्टी निवून राह्यली."