टेबलाची उलटी बाजू

सून घरूनच काम करते. कोर्टातल्या कागदांचं भाषांतर. जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं, कोणाच्या आजाचं मृत्युपत्र, असं काही बाही तिच्याकडे येतं आणि ती ते इंग्रजीत करून वकिलांना पाठवते. मी चौथीतून शाळा सोडली आणि मागावर बसलो, त्यामुळे त्या कामातलं मला इतकंच कळतं की ते बारीक काम आहे. पण दोन वर्षं ती ते जेवायच्या टेबलावर करत होती. मला बाराच्या ठोक्याला जेवण लागतं. म्हणजे रोज पावणेबाराला तिनं फायली, शब्दकोश, कम्प्युटर सगळं उचलून पलंगावर न्यायचं आणि माझे हात धुऊन झाले की परत आणायचं. मी एक दिवससुद्धा पाच मिनिटं थांबलो नाही.

मग एका दुपारी माझ्या वाटीतलं वरण कोणाच्या तरी खरेदीखतावर सांडलं. मी म्हटलं, "टेबल हलते." टेबल काही हलत नव्हतं. सुनेनं कागद पुसला, पंख्याखाली धरला, आणि संध्याकाळी मला म्हणाली, "बाबा, समोरच्या खोलीत मी माह्यासाठी टेबल घेणार आहे. एकदाच घेईन, पण जन्मभराचं. जुनं, सागवानी. नवीन प्लायवूडचं दोन पावसाळ्यात फुगते."

"जुन्या लाकडातलं मले कळते. मी येतो."

मला कोणी या म्हटलं नव्हतं. पोरगा कोराडीला पावर स्टेशनात पाळीवर, त्याला सवड नव्हती. तेव्हा आम्ही दोघंच ऑटोनं लकडगंजकडे गेलो.

तिथं आतल्या गल्लीत जुन्या सामानाचं एक गोदाम आहे. शाळेचे बाक, कोण्या डॉक्टरची तपासायची खाट, आरसा गेलेली कपाटं, सगळं एकावर एक रचलेलं. सून त्यातून वाट काढत सरळ कोपऱ्यात गेली. तिथं एक काळंभोर, रुंद टेबल होतं, दोन्ही बाजूंना खण, मधे पाय घालायला जागा. तिनं त्यावर तळहात फिरवला, आपली पर्स ठेवली आणि उचलायची विसरली.

"कचेरीतलं आहे, काकाजी," दुकानदार म्हणाला. "लिलावात घेतलं होतं. इंग्रजाच्या वेळचं असन."

आता आमची पारख सांगतो. आम्ही कोष्टी. लुगडं पारखायचं तर आमच्यात कोणी पदर पाहत नाही. आधी उलटं करतात. माझा बाप गिऱ्हाइकासमोर लुगडं उलटंच टाकायचा आणि म्हणायचा, पाहा. उलट्या बाजूला गाठ दिसली, धागा लोंबताना दिसला, की विणणारा कच्चा. चाळीस वर्षं मीही त्याच नजरेनं काम केलं. तर मी टोपी काढून सुनेच्या हातात दिली आणि टेबलाखाली उताणा झोपलो.

"काकाजी, चक्कर आली का जी?" दुकानदार धावला.

"चक्कर कायची? तपासून राहिलो."

खालून ते टेबल पाहून माझं तोंड वाकडं झालं. पॉलिश नाही, हत्याराचे ओरखडे तसेच, फळी खडबडीत. मी बाहेर आलो, कपडे झटकले आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कामचोरानं केलं आहे हे. वरून चमकवलं आन् खालून सोडून दिलं."

शेजारी दुसरं टेबल होतं. कोरीव पाय, पितळी मुठी. त्याच्याखालीही झोपलो. खालची फळी वरच्यासारखीच गुळगुळीत, एक ओरखडा नाही. "हे घ्या," मी म्हटलं. "ह्याले म्हणतात काम."

"बाबा, पण मले ते..."

"तुले लाकडातलं काय कळते वं?"

तिनं काळ्या टेबलावरची पर्स उचलली. "ठीक आहे. तुम्ही म्हणता तं हेच घेऊ." इतक्या सहज म्हणाली, की रोजच्या पावणेबारासारखंच वाटलं.

दुकानदार एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. "काकाजी, हे जुन्या धाटणीचं आहे. म्हणजे पाहून घ्या बरं..."

"पाहिलं. गाडीत टाका."

दोन माणसं ते टेबल टेम्पोकडे घेऊन गेली. सून टेम्पोवाल्याला पत्ता सांगायला बाहेर गेली. दोनदा जमिनीवर झोपून माझी कंबर धरली होती, म्हणून मी एक स्टूल ओढलं आणि त्या काळ्या टेबलाशीच टेकलो. हात आपोआप खाली गेला. डोळ्यांनी पाहिलं होतं, बोटांनी पाहिलं नव्हतं.

खालच्या फळीवर बोटं फिरली आणि मला लाटा लागल्या. बारीक, उथळ, एकीमागे एक. रंधा एकदा फिरला की एक लाट, परत फिरला की दुसरी. उजव्या अंगाला किंचित खोल, म्हणजे माणूस उजवा. एका जागी लाट अर्ध्यात थांबली होती आणि पुढची थोड्या वेगळ्या कोनात सुरू झाली होती. तिथं तो थांबला असेल. पाणी प्यायला उठला असेल. लुगड्यात विणकर कुठं उठून गेला ते मला बोटानं कळतं, तसंच हे कळलं. माझा हात तिथून हलेना.

मी खण ओढला. पाठीमागचे कोपरे पाहिले. खिळा नाही. एका फळीचे दात दुसरीच्या दातांत बसवलेले, आणि कोणतेही दोन दात सारखे नाहीत. तरी मधे कागद जाणार नाही.

मग पाय घालायच्या जागेत हात घातला. तिथं, जिथं बसणाऱ्याचा गुडघा लागतो, मांडी घासते, तिथं लाकूड रेशमासारखं होतं. कड गोल केलेली. तिथून चार बोटं पुढं गेलं की पुन्हा खडबडीत. म्हणजे त्या सुतारानं कामचोरी केलीच नव्हती. माणूस कुठवर लागतो ते त्याला माहीत होतं. बसणारा कोण असेल, साहेब की कारकून, त्याला ठाऊक नव्हतं. बसणाऱ्याचा तेव्हा जन्मही झाला नसेल. पण त्याचा गुडघा कुठं येईल, ते त्याला ठाऊक होतं. इतकं मी कोणासाठी कधी विणलं का, असा विचार मनात आला.

आणि ते दुसरं? दोन्हीकडून सारखं, गुळगुळीत, कुठं कोणी थांबलं नाही. मशीनचं. पावरलूमचं कापडही दोन्हीकडून असंच साफ असतं. त्यानंच माझा माग बंद पाडला होता, आणि मी तेच सुनेच्या खोलीत पाठवून राहिलो होतो.

बाहेर टेम्पोत दोरी बांधणं चाललं होतं. चार लोकांत बोललो होतो. घरात माझा शब्द फिरत नाही हे सगळ्यांना माहीत. मी पाच मिनिटं तरी तसाच बसलो असेन. मग उठलो आणि दारातून ओरडलो, "उतरवा ते!"

"काहून, काकाजी?" दुकानदार म्हणाला. "आता तं पोट्टे घामाघूम झाले."

"पाणी पाज मंग त्याहिले. आन् ते काळं चढवा."

सून आत आली. "बाबा, तुम्ही तं म्हणाले कामचोरानं केलं."

"म्हटलं." मी तिच्या हातातली टोपी परत घेतली. "मी चुकलो. तुह्यावाली पसंत बरोबर होती."

लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं माझ्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. बायकोनंही ऐकलं नव्हतं, ती तर गेली. मी स्टूल सुनेकडे सरकवलं. "बस. इथं खालून हात लावून पाह्य."

ती बसली. तिनं हात खाली नेला, हळूहळू फिरवला, आणि तिचा गुडघा त्या गुळगुळीत जागी येऊन टेकला. बरोबर तिथंच. ती माझ्याकडे पाहून हसली, मग खाली पाहिलं आणि दोन्ही तळहात टेबलावर पसरून बसून राहिली.

"ताई, उचलू का?" टेम्पोवाला दोरी हातात घेऊन उभा होता.

ती उठेचना.

"थांब गा," मी त्याला म्हटलं. "बसू दे तिले."