क्लॅरनेट आणि मिठाची गुळणी

उदगीरचे क्लॅरनेटवाले चंद्रप्पा, म्हणजे आमचे हे. माणूस लई गुणी, पण ऐन वेळी तोंड उघडेल तर शपथ. मी शिवकांता, यांची बायको. मी बोलायचं नाही तर कुणी बोलायचं?

बापाचं कापडदुकान सोडून हे ब्यांडात गेले. सिकंदराबादच्या क्लबात वाजवून म्हाताऱ्या झालेल्या एका वादकाकडून यांनी जाझची एक करामत उचलली. घरी मला पेटीवर बसवायचे. प, नि, रे, म हे चार सूर एकदम दाबून धर म्हणायचे. ते वाजले की कान आपसूक 'सा'ची वाट बघतो. हे मात्र लगेच 'सा'वर यायचेच नाहीत. माझ्या चार सुरांवर ध, कोमल रे, ग असे दुसऱ्याच घरचे तीन सूर आणायचे. कधी खालून वर, कधी मधल्यापासून, कधी उलटे गुंफून. वाटायचं, गेला हा बाबा रानात. आणि तेवढ्यात असे अलगद 'सा'वर उतरायचे की अंगावर काटा. फक्त खालचे चार सूर धरणाऱ्यानं जागा सोडायची नाही. मला कुठं काय कळत होतं? भाकरी करपली तरी मी बोटं उचलत नसे.

लातूर जिल्हा झाला त्या सालची गोष्ट. आमच्याकडं पावसानं दगा दिलेला, लग्नं बिनवाजंत्रीची होऊन राहिली होती. एक माणूस कमी करावा लागंल, असं मालक बोलून दाखवत होता. अशात लातुरात नव्या जिल्ह्याची मिरवणूक निघाली आणि आमच्या ब्यांडला बोलावणं आलं. चौकातली गर्दी बघून यांच्या अंगात आलं, आणि यांनी ते तीन सूर काढले.

खालचे सूर धरायला अकॉर्डियनवर चाकूरचे शेषेराव होते. यांना ब्यांडात आणलं त्यांनीच. पण या करामतीचं यांनी त्यांना आधी काही सांगितलंच नव्हतं. शेषेरावांना वाटलं, पोरगं चुकलं. वरचा भरकटला तर खालच्यानं धावून जायचं, लोकांना कळू द्यायचं नाही, ही त्यांची रीत. त्यांनी आपले चार सूर सोडले आणि यांचे तीन धरले. तोवर हे 'सा'वर परतले होते. असं काही बेसूर वाजलं की लोक हसले.

"कान गेले का मामा तुमचे? उद्यापासून येऊ नका," मालक शेषेरावांवर उखडला. यांना सगळं कळलं होतं. पण खरं बोललो तर आपल्यालाच काढतील म्हणून यांनी मिठाची गुळणी धरली. अकॉर्डियन मालकाचं होतं. शेषेरावांनी ते खाली ठेवलं आणि ते चाकूरच्या गाडीत बसले.

तेव्हापासून यांची अन्नावरची वासना उडाली. क्लॅरनेट ओठाला लावायचे आणि ठेवून द्यायचे. "मला सावरायला आले, अन् मी त्यांच्या पोटावर पाय दिला," एवढंच माझ्यापाशी घोकायचे.

शेवटी मीच चिडले. "आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. मला काय सांगता? चाकूरला चला."

पेटी बांधून घेतली, एस्टीनं गेलो. शेषेराव सायकलचं पंक्चर काढत बसले होते. यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय," शेषेराव म्हणाले. "माझे कान शाबूत हायत. ऐकू दे ते काय व्हतं."

त्यांनी हात पुसले, पेटीवर चार सूर दाबले. हे त्या तीन सुरांत शिरले, पण भीत भीत. मध्येच चाचरले. मला वाटलं, आता खरंच वाट चुकले. मी शेषेरावांच्या बोटांकडं बघत होते. ती हलली नाहीत. हे कसेबसे 'सा'वर आले, आणि दोघांचं असं सुरेख जुळलं की माझा जीव भांड्यात पडला.

यांचंही तोंड उजळलं. "मामा, परत चला. मालकाला मी सगळं सांगतो."

शेषेरावांनी पेटीचा भाता बंद केला. "बघितलंस न्हवं? आता कुणी किती बी भरकटू दे, मी धावून जात न्हाई."

आणि ते पुन्हा पंक्चरला बसले. हे क्लॅरनेट मांडीवर घेऊन तिथंच रडायला लागले. मीही यांना गप्प केलं नाही.